चार नंबरची नळी

१

एकवीस वर्षं मी एका मातीच्या धरणावर काढली. धरण म्हटलं की लोकांना उंच भिंत दिसते, फेसाळणारं पाणी दिसतं. आमचं तसलं काही नव्हतं. मातीचा लांबलचक भराव, पाण्याच्या अंगाला दगडांचं अस्तर, दुसऱ्या अंगाला गवत आणि माथ्यावर एक गाडी कशीबशी जाईल एवढी वाट. नवखी माणसं यायची आणि मलाच विचारायची, धरण कुठाय? मी म्हणायचो, तुम्ही उभे आहात त्यावर.

काम सोपं, पण नेमाचं. सकाळी सातला एक फेरी, अकराला दुसरी. माथ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. भेगा, बिळं, कुठं माती बसलीय का ते बघायचं. भरावात पाच लोखंडी नळ्या उभ्या पुरलेल्या होत्या. झाकण काढून आत वजन बांधलेली फीत सोडायची, वजन पाण्याला टेकलं की 'टप्' असा आवाज येतो. त्यावरून भरावाच्या पोटात पाणी किती चढलंय ते कळतं. शेवटी पायथ्याला उतरायचं. मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच, त्यात वावगं काही नाही. ते पाणी एका पाइपातून बाहेर यायचं. तिथं बादली लावायची आणि ती किती सेकंदांत भरते ते मोजायचं. धार वाढली किंवा गढुळली, तर समजायचं की आत पाणी माती खायला लागलंय.

सरकारी घड्याळ पहिल्याच वर्षी पाण्यात पडून बंद पडलं. तेव्हापासून मी तोंडानं मोजायचो, मोठ्यानं. एक, दोन, तीन. दर दहाला एक 'हं' म्हणायची सवय लागली होती, का ते विचारू नका. आमच्या साहेबांनी एकदा स्वतःचं मनगटी घड्याळ लावून माझी परीक्षा घेतली. बेचाळीस म्हणजे बेचाळीस, सेकंदाचा फरक नाही. त्यावर मी किती वर्षं मिरवलं ते माझ्या बायकोला विचारा.

धरणाच्या खाली पाऊण कोसावर वस्ती होती, नव्वदेक घरं. माझी लेक तिथंच दिलेली. वस्तीतल्या कुठल्याही अंगणातून धरणाचा माथा दिसायचा, आणि माथ्यावर मी. हातात बादली, डोक्यावर काळी छत्री. छत्रीला बायकोनं लाल कापडाचं भलंमोठं ठिगळ लावलं होतं, ते मैलावरून ओळखू यायचं. वस्तीतले लोक मला बादलीमामा म्हणायचे. मामा वर फिरतोय ना, मग काळजी नाही, असं त्यांच्यात म्हणायची पद्धतच पडून गेली होती.

२

गेल्या पावसाळ्यात बायको आजारी पडली. ताप असा की उतरायचं नाव नाही. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तिला स्वतःच्या हातानं पाण्याचा पेलाही उचलवत नव्हता. घरात आम्ही दोघंच. लेकीला तेव्हा चौथा महिना लागलेला, तिला बोलवायची सोय नाही. बदली माणूस मागितला, तर 'पाठवतो' असं उत्तर आलं. ते पाठवतो अजून वाटेतच आहे.

मी सदतीस दिवस धरणावर गेलो नाही.

क्वार्टर धरणाच्या टोकालाच होतं. दार उघडलं की भराव. पण मी ते दार ओलांडलं नाही, कारण त्याच्या आदल्याच दिवशी अर्ध्या तासासाठी गेलो आणि परत आलो तेव्हा ती खाटेखाली पडलेली होती. त्यानंतर मी तिच्या उशाशी बसायचो आणि वहीत आकडे लिहायचो. बेचाळीस. बेचाळीस. एखाद्या दिवशी एकेचाळीस, कुणाला शंका नको म्हणून. नळ्यांचेही तसेच. एकवीस वर्षांत आकडे पाठ झाले होते, धरणाला काही होत नव्हतं, आणि मला बायको हवी होती. आजही मला त्याची लाज वाटते, आणि आजही तीच वेळ आली तर मी तेच करीन. दोन्ही खरं आहे.

ती बरी झाली. मी अडतिसाव्या दिवशी फेरीला गेलो, पायथ्याला बादली लावली आणि बेचाळीस मोजले. मनात म्हटलं, सुटलो.

चार महिन्यांनी लेकीचे दिवस भरत आले. डॉक्टरांनी खडबडीत रस्त्यानं प्रवास करू नको म्हणून बजावलं, म्हणून बायकोच तिच्याकडे राहायला गेली. मी पोचवायला गेलो. जावई कामानिमित्त बाहेरगावी असतो, घरात लेक आणि विहीणबाई. विहीणबाई तोंडाच्या फटकळ, पण मनाच्या चांगल्या. चहा देता देता त्या म्हणाल्या, बायको एवढी आजारी, तरी तुम्ही एक दिवस चुकला नाहीत हो. रोज सातला बघायचो आम्ही, भर पावसात ती लाल ठिगळाची छत्री. मी सुनेला म्हणायचे, तुझ्या बापाला लोखंडाचा घडवलाय.

मी हसलो. स्तुती कोणाला नको असते? कपात बघत चहा संपवला. वर पाहिलं तेव्हा बायको माझ्याकडे टक लावून बघत होती.

निघताना ती फाटकापर्यंत आली. म्हणाली, "अहो, तुम्ही तर माझ्याजवळ होतात."

मी म्हटलं, अगं, माणसाला रोज जे दिसतं ते नसलं तरी दिसतं. तुला नाही का, दात काढल्यावरही दुखत होता? तिला ते पटलं नाही. मलाही फारसं पटलं नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशीच्या फेरीत मी पहिल्यांदा नीट खाली बघून चाललो. एरवी आपण बघतो म्हणजे काय, पाय बघतात.

चार नंबरच्या नळीपाशी गवत तुडवलेलं होतं. माथ्यावर तुडवलेलं असणारच, मीच तुडवतो. पण तिथून एक पायवाट गवताच्या अंगानं खाली उतरली होती. एकाच माणसाच्या रुंदीची, चांगली मळलेली. एक-दोनदा गेल्यानं वाट पडत नाही, रोज जावं लागतं. मी त्या उतारावर कधी उतरत नसे, मला पायथ्याला जायला टोकाच्या पायऱ्या होत्या.

मी त्या वाटेनं उतरलो. ती निम्म्या उतारापर्यंत गेली आणि तिथं संपली. पुढं गवत जसंच्या तसं उभं. जिथं ती संपत होती तिथं घोंगडीएवढ्या जागेत गवत जास्त हिरवं होतं आणि माती पायाखाली जराशी दबत होती. एका जागी तर चपलांचे ठसे उमटून सुकले होते. ठसे सगळे खाली जाणारे. वर येणारा एकही नाही.

मी चप्पल काढली आणि ठशावर ठेवली. उजव्या चपलेची टाच आतल्या बाजूनं झिजलेली आहे, माझी चालच तशी. ठशाची टाचही आतून झिजलेली.

डोकं लगेच वकिली करायला लागलं. गुराखी असेल. झिजलेल्या टाचा काय मला एकट्यालाच दिल्यात देवानं? हिरवं गवत म्हणजे ओल, ओल म्हणजे पावसाचं मुरलेलं पाणी. पण एकवीस वर्षांचं दुसरं डोकं शांतपणे सांगत होतं की निम्म्या उतारावर ओल येणं वाईट. पाणी पायथ्याला यावं, मध्येच नव्हे. आणि ही ओल कधीपासून, असं साहेब विचारणार. सदतीस दिवसांच्या नोंदी काढणार. चार नंबरला त्या दिवसांत पाणी किती होतं, हे मला माहीत नव्हतं. मी लिहिलं होतं, पण मला माहीत नव्हतं.

मी उद्या बघू म्हटलं. माणसाचा घात करायला उद्यासारखा शब्द नाही.

४

त्याच आठवड्यात चार नंबरचं झाकण काढलं आणि फीत सोडणार, तर आतून आवाज आला.

आधी वाटलं, पाण्याचा असेल. मग शब्द कळायला लागले. "चौदा, पंधरा, सोळा." लांबून, खालून, पण स्वच्छ. न घाई, न ढिलाई, सेकंदाला एक. "एकोणीस, वीस, हं, एकवीस."

तो माझाच आवाज होता. आपला आवाज आपल्याला लवकर ओळखू येत नाही म्हणतात, पण ते 'हं' मी कुठंही ओळखलं असतं. पुढं तो एकतीसपर्यंत गेला आणि थांबला. नंतर बादली ओतल्याचा आवाज आला आणि तिची कडी वाजली.

मी फीत हातात धरून उभा. माझं तोंड बंद होतं, ते मी हात लावून पाहिलं. हसू नका, तुम्हीही पाहिलं असतंत.

प्रतिध्वनी म्हणावा, तर मी त्या दिवशी अजून काही मोजलंच नव्हतं. पायथ्याला गेलो, बादली लावली. बेचाळीस, पाणी काचेसारखं. वर सगळं ठीक, खाली सगळं ठीक, आणि मधे पोटात कुणीतरी बसून एकतीस मोजत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी झाकण काढलं. एकोणतीसला थांबला. तिसऱ्या दिवशी सव्वीस. पायथ्याला बेचाळीसच. मी दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून कान तपासून घेतले. तो म्हणाला, मामा, कान विशीतले आहेत तुमचे, बाकीच्या देहाचं काय ते बघा. एरवी मी त्याला चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी मुकाट्यानं परत आलो.

चार नंबरमध्ये मी त्यानंतर फीत सोडली नाही. वजन पाण्याला न टेकता कुणाच्या हाताला टेकलं तर, हा विचार डोक्यातून जाईना. वहीत मात्र चार नंबरचा आकडा रोज लिहीत होतो, मनानं. बघा, खोड कशी असते.

बावीस झाले. मग वीस. वीस म्हटल्यावर 'हं' झालं आणि बादली ओतली गेली. बादली लवकर भरतेय याचा अर्थ धार वाढतेय, एवढं मला कळत होतं. पण कुठली बादली आणि कुठली धार?

५

सतरा झाले त्या दिवशी मी दुपारी लेकीकडे गेलो. अवकाळी पाऊस लागला होता, छत्री घेऊनच गेलो. लेक पोट सावरत अंगणात फेऱ्या मारत होती. मला बघून म्हणाली, बाबा, बाळानं सकाळपासून लाथा मारून हैराण केलंय, अगदी तुमच्यावर गेलंय, एका जागी बसत नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या खांद्यावरून धरण सरळ समोर दिसत होतं, एखाद्या बंद दारासारखं.

बायकोला मी पडवीच्या कोपऱ्यात नेलं आणि सगळं सांगितलं. वाट, ठसे, नळी, आवाज. मला वाटलं होतं ती म्हणेल, विश्रांती घ्या. तिनं फक्त एकच विचारलं, काल किती होते? मी म्हटलं, एकोणीस. आणि आज? मी म्हटलं, सतरा.

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि बोटं मिटून घेतली.

म्हणाली, साहेबांना सांगा. मी म्हटलं, काय सांगू? नळीतून माझाच आवाज येतो म्हणून? ती म्हणाली, ते नका सांगू वाटल्यास. सदतीस दिवसांचं सांगा. बाकीचं आपोआप येईल. मी म्हटलं, अगं, एकवीस वर्षांचं नाव एका वाक्यात जाईल. लोक काय म्हणतील, लेकीच्या सासरी काय तोंड दाखवू?

तेव्हा ती जे म्हणाली ते माझ्या काळजावर कोरलं गेलंय. ती म्हणाली, "माझ्यापायी खोटं लिहिलंत ना? मग आता हिच्यापायी खरं सांगा." आणि अंगणाकडे मान वळवली. लेक अजून फेऱ्याच मारत होती.

परत निघालो तेव्हा ऊन पडलं होतं. छत्री तिथंच पडवीच्या खुंटीला राहिली, हे घरी पोचल्यावर लक्षात आलं.

६

सकाळी सातला चार नंबरचं झाकण काढलं. सतरावरून सोळा, पंधरा असं काही असेल म्हणून कान लावला. "सात, आठ, नऊ." आणि बादली ओतली गेली. लगेच पुन्हा एक, दोन, तीन. पुन्हा नऊ. पुन्हा ओतली. आता तो थांबत नव्हता. आवाजात दमही लागलेला. माझ्या आवाजात.

पायथ्याला बेचाळीस. उतारावरची ती हिरवी जागा ओली, पण वाहत काही नव्हतं. कुणाला दाखवावं असं काहीच नव्हतं.

साडेसातची गाडी पकडून मी तालुक्याच्या ऑफिसात गेलो. साहेब साडेदहाला आले. माणूस कडक, पण कामाचा. त्यांनी बसा म्हटलं, मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं की अमुक तारखेपासून सदतीस दिवस मी फेरीला गेलो नाही, नोंदी घरी बसून लिहिल्या, बायको आजारी होती, पण ती सबब नाही.

साहेबांचा चेहरा लाल झाला. मग म्हणाले की मी तुमचं उदाहरण नव्या पोरांना देतो. मी मान खाली घातली. त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग विचारलं, आज का सांगताय? आज काय झालं?

मी निम्म्या उतारावरच्या ओलीचं सांगितलं. चार नंबरचं काय, म्हणाले. मी म्हटलं, साहेब, आत धार आहे. पायथ्याला बेचाळीसच येतं, पण आत दुसरीकडे कुठंतरी बादली नऊ सेकंदांत भरतेय. त्यांनी विचारलं, हा नऊ कुठून आणलात? मी म्हटलं, ऐकलाय. एवढंच खरं होतं, आणि एवढंच मला सांगता आलं.

त्यांनी कागद ओढला, बादलीचं माप लिहिलं, भागलं, गुणलं. पेन खाली ठेवलं. म्हणाले, "सदतीस दिवस तुम्ही खोटे लिहिलेत. पण तोंडानं मोजलेला तुमचा आकडा कधी चुकलेला मी पाहिला नाही." असं म्हणून ते उठले आणि शिपायाला जीप काढायला सांगितलं. स्वतः मोबाइलवरून पोलीस ठाण्याला लावू लागले. मला टेबलावरचा फोन दाखवून म्हणाले, तुमच्या माणसांना कळवा, वस्ती शाळेच्या टेकडीवर न्या.

भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते. माझी दुसऱ्या फेरीची वेळ.

७

लेकीनं फोन उचलला. मी म्हटलं, आईला घे, विहीणबाईंना घे, शेजारच्यांना हाका मार आणि शाळेवर जा, आत्ताच्या आत्ता, सामान काही घेऊ नका.

ती हसली. म्हणाली, "बाबा, घाबरवता काय? तुम्ही तर समोर दिसताय."

मी म्हटलं, कुठं?

"धरणावर. चार नंबरपाशी उभे आहात. तिथून फोन लावलात होय?"

मी म्हटलं, पोरी, मी तालुक्याच्या ऑफिसात आहे, साहेब माझ्याजवळ आहेत. मग म्हणाली, असं कसं, छत्री दिसतेय ना, लाल ठिगळ दिसतंय. आणि तुम्ही हात करताय. असा, वरून खाली, खालून वर. बसा म्हणताय ना? सगळे बघतायत. सासूबाई म्हणाल्या, मामा बसा म्हणतोय, काही काळजी नाही.

नव्वद घरं अंगणात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. तो वर होता म्हणून कुणी हलत नव्हतं. एकवीस वर्षं मीच त्यांना ती सवय लावली होती. मी कितीही ओरडलो असतो तरी फोनमधल्या आवाजापेक्षा डोळ्यांसमोरचा माणूस खराच ठरणार होता. मी म्हटलं, आईला दे.

बायको फोनवर आली. मी तिला काहीच समजावलं नाही. मला सुचलंच नाही. फक्त विचारलं, "अगं, माझी छत्री कुठाय?"

ती पडवीकडे गेल्याचं मला चपलांवरून ऐकू आलं. तिथं ती थांबली. पुन्हा अंगणात आली, बहुतेक वर बघितलं असावं. तिचा श्वास फोनमध्ये मोठा झाला.

"छत्री खुंटीला आहे," ती म्हणाली. मग अगदी हळू, जणू वरच्याला ऐकू जाऊ नये म्हणून, "आलं माझ्या लक्षात. मी नेते सगळ्यांना."

८

तुमचा जीव टांगणीला नको, म्हणून सांगून टाकतो. त्या दिवशी कुणी गेलं नाही. आजारातून उठलेल्या माझ्या बायकोनं ताट आणि पळी घेऊन वस्ती डोक्यावर घेतली. विहीणबाईंशी तिचं फाटकात भांडण झालं, आणि शेवटी तिनं विहीणबाईंचा हात धरून ओढत नेलं, म्हणे. लेकीला शेजारच्याच्या टेम्पोत घातलं. अकरा वाजून चोवीस मिनिटांनी भराव चार नंबरपाशी फुटला. शाळेच्या टेकडीवरून सगळ्यांनी ते पाहिलं. वस्तीतली निम्मी घरं राहिली नाहीत, लेकीचं घर त्यातच होतं. तिसऱ्या दिवशी तिला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत.

माझी चौकशी झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. साहेबांनी सगळं खरं लिहिलं, माझ्या बाजूचंही आणि माझ्या विरुद्धचंही. आता आम्ही लेकीच्या नव्या घरी राहतो. वस्तीतले लोक भेटले की हात धरतात. मामा, तुम्ही शेवटपर्यंत वर उभे होतात, म्हणतात. काही जण म्हणतात, तुम्ही हात करून वर पळा म्हणत होतात. काही म्हणतात, बसा म्हणत होतात. एकच हात, नव्वद घरांनी पाहिलेला, आणि त्यांच्यात अजून एकमत नाही. माझंही नाही. ज्या फेऱ्या मी घातल्या नाहीत त्या कुणीतरी घातल्या, एवढंच मला समजतं. त्यानं त्या कशासाठी घातल्या, हे मी स्वतःला विचारत नाही.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही.

त्या धांदलीत तिनं फोन पडवीच्या फळीवर ठेवला होता, तसाच, चालू. साहेब ऑफिसच्या दारात मोबाइलवर ओरडत होते, जीप सुरू होत नव्हती. मी टेबलावरचा फोन कानाला लावून उभा राहिलो, कारण तेवढाच एक धागा होता. मी ताट बडवल्याचा आवाज ऐकला. लेकीचं कण्हणं ऐकलं. टेम्पो गेला. फाटक आपटलं. पावलं टेकडीकडे गेली, बोलणी विरत गेली. मग घर रिकामं झालं. मी देवाचे आभार मानले.

भिंतीवर अकरा वीस झाले होते. फोनमध्ये नळ ठिबकत होता, बाकी काही नाही. मी फोन ठेवणारच होतो.

तेवढ्यात फाटकाची कडी हळूच उघडली. चपला अंगणातून आल्या. उजवा पाय जरा आत टाकत, टाच घासत. पडवीच्या पायरीवर त्या थांबल्या. खुंटीवरून काहीतरी काढून घेतल्याचा आवाज झाला, आणि मग माझ्या छत्रीचा खटका. तो अडकतो, दोनदा दाबावा लागतो. दोनदा दाबला. छत्री उघडली.

फरशीवर बादली टेकली आणि कडी बाजूला पडली. कुणीतरी फळीपाशी आलं, इतकं जवळ की त्याचा दम मला कानाला लागल्यासारखा ऐकू आला. बरंच चालून आलेल्या माणसाचा दम.

"एक," माझा आवाज म्हणाला.

साहेब मागून हाका मारत होते, जीप सुरू झाली होती. भिंतीवर अकरा चोवीस झाले होते. मी हललो नाही. एकवीस वर्षांची सवय, मी दोनची वाट बघत उभा राहिलो.

दोन आलंच नाही.